सहा दिवस सुटले, आदाम सुटेना

अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो नावाचं शहर आहे आणि तिथे मॉर्मन चर्चचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ. या विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात, कित्येक वर्षं डायनोसॉरची हाडं पडून होती. खाणीतून प्लॅस्टरमध्ये गुंडाळून आणलेली, पण सोडवून मांडायला जागा नाही म्हणून तिथे रचून ठेवलेली. ती आणणाऱ्या जिम जेन्सन यांना सगळे 'डायनोसॉर जिम' म्हणत. १९६०च्या दशकापासून ते युटा-कोलोरॅडोच्या उजाड पठारांवर खणत होते. सुपरसॉरस या अजस्र प्राण्याची हाडं त्यांना १९७२ साली कोलोरॅडोतल्या ड्राय मेसा खाणीत मिळाली. नेमक्या याच काळात, जानेवारी १९७० ते जुलै १९७२, चर्चच्या अध्यक्षपदी, म्हणजे मॉर्मन श्रद्धेनुसार देवाच्या हयात संदेष्ट्याच्या जागी, जोसेफ फील्डिंग स्मिथ होते. आदामाचं पतन होईपर्यंत या पृथ्वीवर एकही जीव मेला नव्हता, हे ठासून सांगण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

खोदकाम चालूच राहिलं, आणि संदेष्ट्याचं मतही जागचं हललं नाही.

बायबलातली सृष्टीकथा जशीच्या तशी खरी मानायची की रूपक म्हणून वाचायची, हा वाद ख्रिस्ती जगात जुना आहे आणि त्याची चाकोरीही ठरलेली आहे. एका बाजूला सहा दिवसांत जग घडलं आणि त्याला फार तर सहा-दहा हजार वर्षं झाली म्हणणारे. दुसऱ्या बाजूला 'उत्पत्ती'च्या पुस्तकाकडे काव्य म्हणून पाहणारे. मॉर्मनांचं भांडण या चाकोरीत बसत नाही. दिवस चोवीस तासांचे होते का, यावरून त्यांच्यात फारसं काही पेटलंच नाही. पेटलं ते मृत्यूवरून. पहिला मृत्यू कधी झाला, हा त्यांचा खरा प्रश्न. तो इतका नाजूक का झाला, हे कळायला त्यांच्या ग्रंथांत थोडं शिरावं लागतं.

चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जोसेफ स्मिथ या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केलं. आज सदस्य पावणेदोन कोटींच्या आसपास आहेत. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नये, असं चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ साली सांगितलं. पण ज्या काळाबद्दल आपण बोलणार आहोत त्या काळात हे लोक स्वतःही तेच नाव वापरत, म्हणून इथे ते ठेवलं आहे. मराठी मुलखाला हे चर्च अगदीच अनोळखी नव्हे. १८५०च्या दशकात ह्यू फिंडले नावाचे त्यांचे धर्मप्रचारक मुंबई-पुण्यात वावरले आणि मराठ्यांना उद्देशून त्यांनी एक पुस्तिकाही काढली. फारसं कुणी बधलं नाही.

इतर ख्रिस्ती पंथांकडे सृष्टीची कथा एकाच ग्रंथात आहे. मॉर्मनांकडे ती चार ठिकाणी आहे, आणि चारही ठिकाणी ती सारखी नाही.

पहिली अर्थातच बायबलमधली. दुसरी 'मोशेचं पुस्तक'. १८३०च्या जूनपासून जोसेफ स्मिथ यांनी बायबलची आपल्याला प्रकट झालेली सुधारित आवृत्ती सांगायला सुरुवात केली, त्यातून हे पुस्तक आलं. यात देव मोशेला आधी अगणित जगं दाखवतो आणि मग म्हणतो की तुला मी फक्त या एका पृथ्वीचीच हकिगत सांगणार आहे. शिवाय एक नवी कल्पना येते: प्रत्येक गोष्ट भूतलावर देहाने अवतरण्याआधी आत्मिक रूपाने घडवली गेली होती. बायबलच्या पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायांत निर्मितीच्या दोन वेगवेगळ्या हकिगती का आहेत, या जुन्या कोड्यावर बऱ्याच मॉर्मनांना इथे उत्तर सापडलं.

तिसरी हकिगत 'अब्राहामाच्या पुस्तकात'. तिचा इतिहास एखाद्या कादंबरीत शोभेल असा आहे. १८३५ साली मायकेल चँडलर नावाचा एक फिरता प्रदर्शनवाला इजिप्शियन ममी आणि पपायरसच्या गुंडाळ्या घेऊन ओहायोतल्या कर्टलँड गावी आला. स्मिथ आणि त्यांच्या अनुयायांनी २,४०० डॉलर मोजून तो सगळा ऐवज विकत घेतला, आणि १८४२ साली नॉवू गावातल्या नियतकालिकात त्या गुंडाळ्यांचं 'भाषांतर' छापून आलं. या हकिगतीत देव एक नाही, अनेक आहेत. ते सल्लामसलत करतात, योजना आखतात आणि उपलब्ध द्रव्यातून जग रचतात. दिवसांच्या जागी नुसत्या 'वेळा' येतात. पाण्याने आणि जमिनीने जीव उपजवावेत म्हणून देव आधी पाण्याला आणि जमिनीला तयार करतात, आणि आपल्या आज्ञा पाळल्या जाईपर्यंत लक्ष ठेवून थांबतात. हे थांबणं फार महत्त्वाचं ठरलं. पुढच्या काळात मॉर्मन वैज्ञानिकांना निसर्गाच्या संथ प्रक्रियेसाठी इथेच फट दिसली. (त्या पपायरसांचं काय झालं? ते नष्ट झाले असंच मानलं जात होतं. मग १९६६ साली त्यांचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सापडले. इजिप्ततज्ज्ञांनी वाचले तर ते मृताबरोबर ठेवायचे नेहमीचे अंत्यविधीचे मजकूर निघाले, अब्राहामाचा पत्ता नाही. चर्चने २०१४ साली एका लेखात हे मान्य केलं आणि 'भाषांतर' या कामाकडेच जरा सैल नजरेने पाहायला सुचवलं. अक्षरार्थ की व्यापक अर्थ, हा पेच असा ग्रंथाच्या जन्मकथेलाही चुकला नाही.)

चौथी हकिगत छापलेली नाही. ती मंदिरात, दीक्षाविधीचा भाग म्हणून, नाट्यरूपाने दाखवली जाते. पूर्वी माणसं भूमिका करत, पुढे बहुतेक मंदिरांत चित्रपट आला. सदस्य तिचा तपशील बाहेर बोलत नाहीत, आणि इथे त्याची गरजही नाही. मात्र मंदिरातल्या कथेत घटनांची विभागणी वेगळी आहे, असं ब्रूस मॅकाँकी यांनी १९८२ साली चर्चच्याच मासिकात लिहिलं. हे मॅकाँकी म्हणजे अक्षरार्थवाद्यांचे अर्वाचीन सेनापती. 'दिवस' म्हणजे एक कालखंड, एक युग, असंही त्यांनी त्याच लेखात म्हटलं.

ज्याच्या हातात चार हकिगती आहेत आणि चौघींचा क्रम जुळत नाही, त्याला त्यातली एखादी मिनिटामिनिटाची नोंदवही म्हणून वाचणं मुळातच अवघड. सहा दिवसांचा हट्ट मॉर्मनांनी इतक्या सहज सोडला याचं एक कारण हे. पण त्याहून खोल कारण देवाच्या देहात आहे.

मॉर्मनांचा देव हाडामांसाचा आहे. रूपकाने नव्हे, खरोखर. देवाने माणूस आपल्या प्रतिमेत घडवला, हे वाक्य ऑगस्टिनपासूनच्या ख्रिस्ती परंपरेने बुद्धीकडे, आत्म्याकडे, विवेकाकडे बोट दाखवून वाचलं. देवाला देह कुठला? जोसेफ स्मिथ यांनी ते वाक्य गावातल्या साध्या माणसाने वाचावं तसं वाचलं: बापासारखा मुलगा. स्वर्गात पिता आहे, माता आहे आणि आपण त्यांची लेकरं आहोत. मूलद्रव्यं अनादी आहेत, असं त्यांनी १८३३ सालीच सांगितलं होतं. पुढे एप्रिल १८४४ मध्ये, म्हणजे जमावाच्या हातून मारलं जाण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, किंग फॉलेट या मित्राच्या निधनानंतरच्या प्रवचनात त्यांनी उघड म्हटलं की शून्यातून काही निर्माण झालेलं नाही. देवाने असलेल्या द्रव्याची रचना केली, जशी माणसं सामानातून जहाज बांधतात.

गंमत पाहा. शब्द न् शब्द धरून वाचण्याच्या या वृत्तीने त्यांना अशा विश्वात नेऊन सोडलं, जिथे द्रव्य आहे, नियम आहेत, अगणित जगं आहेत आणि वेळेची कमतरता नाही. एकोणिसाव्या शतकातला भूगर्भशास्त्रज्ञ या विश्वात बिचकला नसता. स्मिथ यांच्यानंतरचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग १८७१ साली म्हणाले की देवाने हे जग सहा दिवसांत केलं की कोट्यवधी वर्षांत, याने आम्हाला काही फरक पडत नाही, आणि म्हणून भूगर्भशास्त्राशी आमचं भांडण नाही. प्रोटेस्टंट पाद्री त्या काळात खडकांच्या वयावरून हैराण झाले होते, हे लक्षात घेतलं तर या बेफिकिरीचं मोल कळतं.

मग अडलं कुठे? आदामापाशी.

बहुतेक ख्रिस्ती परंपरांत आदाम-हव्वेचं पतन ही शोकांतिका आहे. मॉर्मनांमध्ये ते जवळजवळ मंगलकार्य आहे. 'मॉर्मनच्या पुस्तका'त, म्हणजे या चर्चच्या स्वतःच्या धर्मग्रंथात, नेफीच्या दुसऱ्या भागात सांगितलं आहे की पतन झालं नसतं तर एदेन बागेत सगळं होतं तसंच कायम राहिलं असतं: मूल नाही, दुःख नाही, म्हणून आनंदही नाही. आदाम पडला म्हणून माणसं झाली. फळ खाणारी हव्वा या श्रद्धेत पापिणी ठरत नाही, धाडस करणारी आई ठरते. 'मोशेच्या पुस्तका'त ती स्वतःच आपल्या उल्लंघनाबद्दल समाधान व्यक्त करते, कारण त्याशिवाय संतती नव्हती आणि बऱ्यावाईटाची जाण नव्हती. पृथ्वीवर येऊन देह घ्यायचा, मरण अनुभवायचं, ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तामुळे पुन्हा उठायचं आणि देवत्वाकडे जायचं, ही सारी योजना पतनापासून सुरू होते. आदामाचं पतन हा त्या कमानीतला मधला दगड. तो काढला तर ख्रिस्ताने ज्या मृत्यूवर मात केली तो आला कुठून, याचं उत्तर द्यावं लागतं. आणि पतनाआधी सगळं जसं होतं तसंच राहिलं असतं, या ओळीचा अक्षरार्थ घेतला तर आदामाआधी मेलेले डायनोसॉर बसवायचे कुठे?

म्हणजे रेघ ओढली जाते ती खडक पाहून नाही, आणि मजकुरातला कुठला भाग काव्यासारखा वाटतो हे पाहूनही नाही. ज्या तपशिलावर मोक्षाची योजना उभी नाही तो खुशाल रूपक होऊ शकतो. ज्यावर ती उभी आहे तो होऊ शकत नाही. हे एकदा ध्यानात आलं की पुढचे विसंगत वाटणारे प्रसंग सरळ लागत जातात.

मॉर्मन मनाची आणखी एक लकब सांगायला हवी. अक्षरार्थ नकोसा झाला तरी ते सहसा प्रतीकाकडे वळत नाहीत. एका भौतिक घटनेच्या जागी दुसरी भौतिक घटना आणून ठेवतात. ब्रिगहॅम यंग यांना मातीचा पुतळा करून त्यात फुंकर मारल्याची आणि बरगडीतून बाई काढल्याची कथा पोरकट वाटे, आणि ते व्यासपीठावरून तसं म्हणत. पण मग ते म्हणत काय? तर आदाम दुसऱ्या जगातून देहासकट इथे आला. १८५२ पासून तर त्यांनी आदाम हाच आपला देव असल्याचंही सांगितलं. चर्चने ते पुढे कधीच पचवलं नाही आणि १९७६ साली अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी ती शिकवण जाहीरपणे नाकारली. जीवाश्मांचंही तसंच. ही पृथ्वी मोडलेल्या जुन्या ग्रहांच्या तुकड्यांतून रचली गेली, असं स्मिथ यांच्या तोंडचं एक वाक्य अनुयायांच्या टिपणांत होतं. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या घरोघर सांगितलं जाई की डायनोसॉर तिकडच्या ग्रहांवर मेले, त्यांची हाडं मालाबरोबर आली. युटातल्या क्लीव्हलँड-लॉइड खाणीत एकाच गाळाच्या थरात डझनावारी ॲलोसॉरस गाडले गेलेले ज्याने पाहिले, त्याला हे समाधान पुरणं कठीण. एदेन बाग तर त्यांनी थेट अमेरिकेच्या नकाशावर आणली: मिझुरी राज्यातल्या जॅक्सन काउंटीत. तिथून उत्तरेला ग्रँड नदीकाठी आदामाने आपल्या वंशजांना अखेरचा आशीर्वाद दिला, अशी श्रद्धा आहे. ती जमीन आज चर्चच्या मालकीची आहे आणि कुणीही जाऊन पाहू शकतो.

विसावं शतक उजाडलं आणि डार्विन टाळता येईना. १९०९ हे डार्विनच्या जन्माचं शताब्दी वर्ष आणि त्याच्या मुख्य ग्रंथाचं पन्नासावं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जोसेफ एफ. स्मिथ यांच्या अध्यक्षमंडळाने 'माणसाचं मूळ' या विषयावर निवेदन काढलं: आदाम हाच पहिला माणूस, आणि माणूस खालच्या प्राण्यांपासून विकसित झाला हे माणसांचं अनुमान. पण पाचच महिन्यांनी, एप्रिल १९१०च्या अंकात, चर्चच्याच मासिकाने एका प्रश्नाला उत्तर देताना तीन शक्यता शेजारी शेजारी मांडल्या: आदामाचा देह नैसर्गिक प्रक्रियेने विकसित झाला, किंवा तो दुसऱ्या जगातून आला, किंवा इथेच इतरांसारखा जन्मला. याचं पूर्ण उत्तर प्रकटीकरणात नाही, असंही लिहिलं. उदारमतवाद्यांनी हे वाक्य पुढे शंभर वर्षं जपलं. पण १९११ मध्ये ते कुणाच्या उपयोगी पडलं नाही. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात उत्क्रांती आणि बायबलची ऐतिहासिक चिकित्सा शिकवतात म्हणून चौकशी झाली. हेन्री पीटरसन आणि जोसेफ पीटरसन या भावांना जावं लागलं, आणि जीवशास्त्रज्ञ राल्फ चेंबरलिन यांनी राजीनामा दिला. १९२५ साली टेनेसीत शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून स्कोप्सचा गाजलेला खटला उभा राहिला, तेव्हा चर्चने पुन्हा निवेदन काढलं, पण १९०९चाच मजकूर कापून, उत्क्रांतीविरुद्धची धारदार वाक्यं गाळून.

खरी झुंज १९३० साली लागली. त्यातली माणसं पाहण्यासारखी आहेत.

बी. एच. रॉबर्ट्स हे इंग्लंडातल्या वॉरिंग्टनचे, हलाखीत वाढलेले, स्वतःच्या हिमतीवर शिकलेले, चर्चचे सर्वांत ताकदीचे विचारवंत. उतारवयात त्यांनी आयुष्यभराचा विचार एका ग्रंथात ओतला. त्यात त्यांनी मांडलं की आदामाआधी पृथ्वीवर जीव होते, माणसासारखे प्राणीही होते, ते सारे एका महाप्रलयात संपले आणि मग आदाम आला. विज्ञानाची हाडं आणि शास्त्राचा आदाम दोन्ही वाचवायची ही खटपट. समोर होते जोसेफ फील्डिंग स्मिथ: संस्थापकाच्या भावाचे नातू, १९०९चे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांचे पुत्र, चर्चचे इतिहासकार आणि बारा प्रेषितांपैकी एक. एप्रिल १९३०च्या भाषणात त्यांनी आदामपूर्व माणसांची कल्पना उडवून लावली आणि ऑक्टोबरमध्ये ते भाषण छापलंही. त्यांच्या लेखी पतनापूर्वी मृत्यू नव्हता, बस्स. या मताला त्यांनी बळ आणलं ते जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांच्या पुस्तकांतून. प्राइस सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे. सगळे जीवाश्म नोहाच्या जलप्रलयात एकदमच गाडले गेले, हे त्यांचं भूगर्भशास्त्र. म्हणजे 'मॉर्मनांचा अक्षरार्थ' म्हणून पुढे जे घट्ट झालं, त्यात परक्या पंथाकडून उसनं आणलेलं बरंच होतं. ब्रिगहॅम यंग यांना ते ओळखीचं वाटलं नसतं.

रॉबर्ट्स यांनी हरकत घेतली: हे भाषण म्हणजे चर्चचं मत आहे की या गृहस्थांचं वैयक्तिक? जानेवारी १९३१ मध्ये दोघांनी प्रेषितांपुढे आपापली बाजू मांडली. अध्यक्ष हिबर ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ एप्रिलला निकाल दिला, तो असा की निकाल नाही. आदामपूर्व माणसं होती हे चर्चचं मत नाही, नव्हती हेही नाही. भूगर्भशास्त्र, जीवशास्त्र, पुरातत्त्व, मानववंशशास्त्र यांपैकी कशाचाही माणसांच्या आत्म्याच्या तारणाशी संबंध नाही. ते संशोधकांवर सोडा आणि आपण आपलं काम करू. आदाम आपल्या वंशाचा मूळपुरुष, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे, तेवढं पुरे.

मला हा निकाल मोठ्या शहाणपणाचा वाटतो, आणि अर्धाच. प्रश्न शास्त्रज्ञांकडे सोपवला, पण आदाम आपल्याकडे ठेवला. त्या आदामाचे आईबाप कोण, याला शास्त्रज्ञांकडे उत्तर आहे आणि त्यामुळेच तर वाद होता.

शिवाय सगळे गप्प बसलेच नाहीत. प्रेषितांमध्ये जेम्स टॅल्मेज होते. हेही जन्माने इंग्रज, पण शिकलेले भूगर्भशास्त्रज्ञ, युटा विद्यापीठाचे एकेकाळचे अध्यक्ष. फील्डिंग स्मिथ यांचं छापील भाषण सगळीकडे गेलं आहे आणि कॉलेजातली पोरं त्यालाच चर्चचं मत समजून बसतील, ही त्यांची काळजी. ९ ऑगस्ट १९३१ रोजी सॉल्ट लेक सिटीच्या टॅबरनॅकलमध्ये ते 'पृथ्वी आणि माणूस' या विषयावर बोलले. खडूचे आणि प्रवाळाचे अख्खे डोंगर प्राण्यांच्या सांगाड्यांचे बनलेले आहेत. माणूस येण्याच्या किती तरी आधी पिढ्यान्‌पिढ्या जीव जगले आणि मेले. 'उत्पत्ती'चे पहिले अध्याय भूगर्भशास्त्राचं क्रमिक पुस्तक म्हणून लिहिलेले नाहीत. एवढं सांगूनही माणूस पशूपासून आला हे त्यांनी मान्य केलं नाही. मृत्यूची मर्यादा त्यांनी ओलांडली, आदामाची नाही. फील्डिंग स्मिथ यांचा विरोध असतानाही अध्यक्षमंडळाने ते भाषण नोव्हेंबरमध्ये छापू दिलं. १९३३ साली टॅल्मेज आणि रॉबर्ट्स दोघंही दोन महिन्यांच्या अंतराने वारले. रॉबर्ट्स यांचा तो ग्रंथ त्यांच्या हयातीत निघालाच नाही. तो छापून आला १९९४ साली.

मैदानात उरले फील्डिंग स्मिथ, आणि त्यांना दीर्घायुष्य लाभलं. हा योगायोग मला मुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. धर्मसंस्थेत वाद जिंकायचा एक राजमार्ग म्हणजे प्रतिपक्षापेक्षा चाळीस वर्षं जास्त जगणं. १९५४ साली त्यांनी माणसाचं मूळ आणि भवितव्य यांवर जाडजूड पुस्तक लिहून उत्क्रांतीला सैतानी ठरवलं. त्या वेळचे अध्यक्ष डेव्हिड मॅके यांनी विचारणाऱ्यांना पत्रांतून कळवलं की हे पुस्तक चर्चने प्रमाण मानलेलं नाही. पण पत्रं खासगी होती आणि पुस्तक दुकानात होतं.

याच पुस्तकावर थेट बोलणारा एक माणूस होता: हेन्री आयरिंग. रासायनिक अभिक्रियांचा वेग समजावणारा संक्रमण-अवस्था सिद्धांत १९३५ साली मांडणारे हे जागतिक कीर्तीचे रसायनशास्त्रज्ञ, आणि नेमाने चर्चमध्ये जाणारे मॉर्मन. पृथ्वी अब्जावधी वर्षं जुनी आहे, असं ते बिनदिक्कत म्हणत. फील्डिंग स्मिथ यांनी त्यांना बोलावून घेतलं, दोघांचं बोलणं झालं, कुणी कुणाला पटवू शकलं नाही, आणि संबंध मात्र टिकले. सगळी मंडळी एकमेकांची सोयरी, हेही त्यामागे असावं. मॅकाँकी हे फील्डिंग स्मिथ यांचे जावई. आयरिंग यांची बहीण कॅमिला ही स्पेन्सर किंबल यांची पत्नी.

आणि किंबल यांनी १९७६ साली, अध्यक्ष असताना, चर्चच्या मासिकात एका ओळीत लिहून टाकलं की बरगडीची गोष्ट अर्थातच आलंकारिक आहे. कसलीही खळबळ उडाली नाही. उलट चार वर्षांनी, १ जून १९८० रोजी, मॅकाँकी यांनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सात घातक पाखंडांची यादी वाचली आणि उत्क्रांतीचा धर्माशी मेळ घालणं हे त्यातलं एक ठरवलं. ज्या आवारात उत्क्रांती शिकवली जात होती त्याच आवारात. पण हेच मॅकाँकी दुसरीकडे लिहितात की एदेनमधलं झाड आणि निषिद्ध फळ ही आलंकारिक भाषा आहे. देह मर्त्य होण्यासाठी जो काही नियम लागू होता तो आदाम-हव्वेने आचरला, एवढाच त्याचा अर्थ. दिवस म्हणजे युग, फळ म्हणजे अलंकार. मग शब्दशः उरलं काय? मृत्यू नसलेली पृथ्वी आणि एक माणूस. योजनेला लागतं तेवढंच.

सामान्य सदस्यांवर याचा परिणाम काय झाला, ते प्यू संशोधन केंद्राच्या २००७च्या पाहणीत दिसतं. पृथ्वीवरच्या मानवी जीवनाच्या उगमाचं सर्वांत चांगलं स्पष्टीकरण उत्क्रांती आहे, असं मानणारे अमेरिकन मॉर्मन २२ टक्के निघाले. सनातनी प्रोटेस्टंटांमध्ये हे प्रमाण २४ टक्के होतं, कॅथॉलिकांमध्ये ५८, आणि अमेरिकेतल्या हिंदूंमध्ये ८०. ज्यांच्या ग्रंथांत विश्व अनादी आहे आणि दिवसांचं बंधन नाही, ते सहा दिवसवाल्यांच्याही मागे. हिशोब जुळत नाही असं वाटेल, पण प्रश्न माणसाबद्दल विचारला होता. पृथ्वीचं वय विचारलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं, असा माझा कयास आहे.

विद्यापीठात मात्र जीवशास्त्र शिकवावंच लागतं. १९९२ साली विश्वस्तांनी विद्यार्थ्यांना देण्यासाठी अधिकृत कागदांचं एक छोटं बाड मंजूर केलं, ज्यात फक्त अध्यक्षमंडळाची निवेदनं आणि चर्चच्या देखरेखीखाली निघालेल्या एका विश्वकोशातली उत्क्रांतीवरची छोटी नोंद होती. त्या नोंदीत १९३१च्या निकालाचा उल्लेख आहे. फील्डिंग स्मिथ यांचं पुस्तक बाडात नाही आणि मॅकाँकी यांचं भाषणही नाही. काय वगळलं यानेच बरंच सांगितलं. २०१६ साली चर्चच्या किशोरांसाठीच्या मासिकात दोन प्रश्नोत्तरं आली. डायनोसॉर माणसाच्या फार आधी इथेच जगले आणि मेले का? याबद्दल प्रकटीकरण नाही, आणि वैज्ञानिक पुरावा 'हो' म्हणतो. उत्क्रांतीबद्दल चर्चचं मत काय? अधिकृत मत नाही.

पहिलं उत्तर म्हणजे पंच्याऐंशी वर्षांनंतर टॅल्मेज यांचा विजय. पतनापूर्वीच्या मृत्यूचा हट्ट गळून पडला, आणि तोही कुणाची चूक झाली असं न म्हणता, पोरांच्या मासिकातल्या एका कोपऱ्यात. दुसरं उत्तर इतकं सरळ नाही. आज प्रोव्होत मानवी उत्क्रांती शिकणारा विद्यार्थी आदामाला बसवू पाहतो तेव्हा त्याच्यापुढे दोन-तीनच वाटा असतात: देह उत्क्रांतीने आला आणि त्यात देवाचं लेकरू असलेला पहिला आत्मा आदामाच्या रूपाने आला, किंवा पतन हे एदेनपुरतंच होतं, बागेबाहेर जन्ममरण आधीपासून चालू होतं, किंवा आदाम म्हणजे आपण प्रत्येक जण. पहिल्या दोन वाटांनी मॉर्मन जीवशास्त्रज्ञ खुशाल जातात. तिसरी वाट इतर ख्रिस्ती पंथांत रुळलेली आहे, पण इथे तिच्यावर फारशी पावलं दिसत नाहीत, कारण मॉर्मनांचा आदाम फक्त बागेत नव्हता. तो मिखाएल नावाचा देवदूत म्हणून पृथ्वीच्या रचनेत सामील होता आणि पुढे ग्रँड नदीकाठी परत येणार आहे. ज्याची भविष्यातली भेट ठरलेली आहे त्याला रूपक कसं करणार?

चर्चने आपल्या बाजूने काहीच रद्द केलेलं नाही. आदाम हाच पहिला माणूस सांगणारं १९०९चं निवेदन फेब्रुवारी २००२च्या मासिकात पुन्हा छापलं गेलं. चौदा वर्षांनी 'अधिकृत मत नाही' हेही छापलं गेलं. दोन्ही कागद आज चालू आहेत, आणि कोणता कोणाला दाखवायचा हे रविवारच्या वर्गात शिकवणाऱ्यावर अवलंबून असतं.